दुखणं थांबलं, आजार नाही

"अगं, अंगठ्यावर चादरसुद्धा सहन होत नाही!" मध्यरात्री सासूबाईंनी हाक मारली. पायाच्या अंगठ्याचं मूळ लालबुंद, सुजलेलं, गरम. 'वात असेल' म्हणून मी तेल लावायला गेले, तर त्या कळवळल्याच.

सकाळी डॉक्टर म्हणाले, हा गाऊट. रक्तातलं युरिक ॲसिड वाढलं, की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात. "पण हा तर पुरुषांचा आजार ना?" मी विचारलं. ते म्हणाले, पाळी असेपर्यंत संप्रेरकं बाईला बरंच सांभाळतात. पाळी गेली, की धोका वाढतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, मूत्रपिंडाच्या आजारानेही युरिक ॲसिड वाढतं.

घरी येऊन मी आधी डाळ बंद केली. त्याची गरज नव्हती, हे नंतर कळलं. टाळायचं ते कलेजी, तारली, बिअर आणि गोड शीतपेयं.

आठवड्यात दुखणं थांबलं. पुढे युरिक ॲसिड कमी करणारी गोळी रोज घ्यायची होती. "आता बरं वाटतंय," म्हणत सासूबाईंनी ती परस्पर सोडली. चार महिन्यांनी पुन्हा तीच रात्र! आता गोळी नियमित आहे आणि युरिक ॲसिड ६ मिलीग्रॅमच्या खाली.

मैत्रिणींनो, घरातल्या सगळ्यांची आजारपणं आपण काढतो. स्वतःचं दुखणं मात्र 'वय झालं' म्हणून अंगावर काढतो. सांधा असा अचानक ठणकला, तर डॉक्टरांकडे जा, रक्त तपासा. ऐन दुखण्यात तपासणी कधी नॉर्मलही येते. तेव्हा दोनेक आठवड्यांनी पुन्हा करा. आणि गोळी आपल्या मनाने सोडू नका.