अकरावीत पेटी माळ्यावर टाकू नका

वाशीत अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू आहे. संगीतगुरू पलुस्करबुवांच्या पश्चात, 1931 साली त्यांच्या शिष्यांनी उभं केलेलं हे मंडळ देशभर गायन, वादन आणि नृत्याच्या परीक्षा घेतं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद असा क्रम असतो. तिसरी-चौथीत क्लास लावलेलं मूल नेमानं शिकत राहिलं तर दहावीपर्यंत मध्यमा पूर्ण होते. विशारदच्या दोनच परीक्षा उरतात. आणि नेमकं तिथेच, दहावी सुटली की नवी मुंबईतल्या कितीतरी घरांत गाणं थांबतं. पेटी माळ्यावर जाते, घुंगरं पिशवीत जातात, फुटबॉलचे बूट धाकट्या भावाला होतात. ‘दोन वर्षं घासलं की आयुष्यभर आराम,’ असं शेजारचे काकाही सांगून जातात.

खरं सांगायचं तर काही घरांत ते गाणं गुणांसाठीच सुरू झालेलं असतं. दहावीला शास्त्रीय कला, लोककला, चित्रकला यांचे वाढीव गुण मिळतात. ते पदरात पडले की क्लासची फी अंगावर येऊ लागते. मी या शहरात बरीच वर्षं अकरावी-बारावीला शिकवतो आहे, म्हणून पालकांना आणि मुलांना दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. अभ्यास जड आहे, हे मला मान्य आहे. पण जड अभ्यासाबरोबर एक आवडीचं काम चालू शकतं. मात्र ते एकच असावं, आणि त्यासाठी आधी हिशेब मांडावा लागतो.

हिशेब असा. आठवड्याचे तास 168. झोप रोज आठ तास धरली तर 56 गेले. इंटिग्रेटेड कॉलेज, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र, सहा दिवस, रोज सात तास, म्हणजे 42. खारघरहून वाशीला हार्बरने किंवा बसने येणं-जाणं, रिक्षाची रांग धरून रोज दीड तास, म्हणजे 9. जेवणखाण, आंघोळ, घरचं किरकोळ काम यात साडेसतरा. घरचा अभ्यास रोज चार तास, म्हणजे 28. रविवारची टेस्ट आणि तिची चर्चा मिळून 6. बेरीज करा, साडेनऊ तास उरतात. त्यात आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास गाण्याचा क्लास आणि रोज अर्धा तास रियाज असे साडेसहा तास बसतात. तीन तास हातात राहतात, तेवढे मित्रांसाठी आणि नुसतं लोळायला हवेतच. आता यात रोज दीड तास मोबाइल घाला. साडेदहा तास झाले. म्हणजे गाण्याची जागा अभ्यासाने घेतलेली नसते, रील्सने घेतलेली असते. ‘वेळच मिळत नाही सर’ म्हणणाऱ्या मुलाला मी वहीच्या मागच्या पानावर हे आकडे त्याच्याच हाताने लिहायला लावतो. मोबाइलच्या रकान्याशी पेन थांबतं.

याच हिशेबात दुसरी गोष्टही दिसते. गाणं, बॅडमिंटन आणि सोसायटीच्या गणपतीचं ढोलपथक ही तिन्ही बसत नाहीत. ढोलपथकाचा सराव पावसाळाभर चालतो आणि त्याची मजा मला ठाऊक आहे, पण बारावीच्या वर्षी तो आणि आणखी दोन गोष्टी असं म्हणणारं मूल भाद्रपद संपेपर्यंत तीन धडे मागे पडलेलं असतं. एक निवडा. ज्याच्याशिवाय करमत नाही ते निवडा, ज्याचं प्रमाणपत्र चांगलं दिसतं ते नव्हे. आपल्याकडच्या आयबी शाळांत कला, व्यायाम आणि समाजसेवा हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो, परदेशी विद्यापीठांच्या अर्जातही त्याला वजन असतं. तिथल्या मुलांची अडचण उलटी आहे. ती उपक्रम गोळा करत सुटतात. सहा ठिकाणी नाव घालण्यापेक्षा एका ठिकाणी दोन वर्षं टिकलेलं मूल मुलाखतीत जास्त बोलू शकतं.

आता भार हलका कुठे करायचा ते पाहू. पहिली जागा म्हणजे ‘दोन्ही ग्रुप ठेवू, ऑप्शन राहील’ हे वाक्य. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी असे चारही विषय घेऊन जेईई आणि नीट दोन्हीची तयारी करणारी मुलं मी दरवर्षी पाहतो. राज्याच्या सीईटीलासुद्धा पीसीएम आणि पीसीबी असे वेगळे गट आहेत. चार विषयांचं हे ओझं पुष्कळदा मुलाच्या आवडीतून आलेलं नसतं, आई-बाबांच्या धास्तीतून आलेलं असतं. अकरावीच्या दिवाळीपर्यंत दोन्ही करून पाहा, हरकत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मुलाला समोर बसवा, सहामाहीचा निकाल पुढ्यात ठेवा आणि एक गट सोडा. आठवड्याचे सहा-सात तास तिथेच सुटतील.

दुसरी जागा म्हणजे बॅच. ज्याला राज्यातल्या चांगल्या इंजिनीअरिंग कॉलेजात जायचं आहे त्याला सीईटी पुरते. सीईटीत सुमारे 80 टक्के भर बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो आणि उणे गुण नसतात. अशा मुलाला जेईई अॅडव्हान्स्डच्या बॅचमध्ये बसवून रात्री नऊपर्यंत थांबवायचं कारण नाही. ज्याला आयआयटीच हवी त्याची गोष्ट वेगळी. त्यानेही बोर्डाकडे पाठ फिरवू नये, कारण आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाला खुल्या गटात बारावीचे 75 टक्के किंवा बोर्डातल्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. ‘बोर्डाचं काय, होईल’ हे ऐकून मी थकलो आहे.

खेळाडूंसाठी कॅलेंडर महत्त्वाचं. शालेय स्पर्धांचा हंगाम साधारण पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत असतो. जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीत, बोर्ड फेब्रुवारीत. म्हणजे अकरावीचा हंगाम पूर्ण खेळा, बारावीचा निवडून खेळा, आणि डिसेंबरनंतर फक्त तब्येतीपुरतं मैदानावर जा. प्रशिक्षकांना हे जूनमध्येच सांगून ठेवा, नाहीतर ऐन प्रीलिमच्या वेळी संघातून बोलावणं येतं आणि मुलाला दोन्हीकडे खोटं बोलावं लागतं. आयआयटी मद्रासने 2024 पासून खेळाडूंसाठी काही जागा ठेवल्या आहेत, पण त्या थोड्या आहेत आणि जेईई अॅडव्हान्स्डमध्ये पात्र व्हावंच लागतं. त्या आशेवर खेळू नका, खेळायला आवडतं म्हणून खेळा.

क्लासवाल्यांशी बोलताना एक कागद हाताशी ठेवा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात लिहिलं आहे की दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवणी नको, फार पहाटे किंवा फार रात्री नको, शाळा-कॉलेजच्या वेळेत नको. आठवड्याची सुट्टी द्यावी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट ठेवू नये. पूर्ण फी भरून मूल मध्येच बाहेर पडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. राज्यांनी ही तत्त्वं अमलात आणायची आहेत आणि सगळीकडे ती पाळली जात नाहीत, हे तुम्हालाही दिसतं. तरी काउंटरवर शांतपणे विचारा. रविवार मोकळा आहे का? मुलगी मंगळवारी आणि शुक्रवारी पाचला निघू शकेल का? बॅच बदलता येते का? उत्तर लेखी घ्या. सूट मिळते म्हणून दोन वर्षांची फी एकदम भरू नका. एकदा भरली की पुढचे सगळे निर्णय मुलासाठी होत नाहीत, त्या पैशांसाठी होतात.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी थोडंसं. रियाज किंवा सराव अभ्यास संपल्यावर करायचा असं ठरवू नका, कारण अभ्यास संपत नाही. घरी आल्यावर, पुस्तक उघडण्याआधी अर्धा तास ठरवून टाका. टेस्टच्या आठवड्यात तो पंधरा मिनिटांवर आणा, पण शून्यावर आणू नका. गुरुजींना किंवा सरांना सांगा की दोन वर्षं वेग कमी राहील. समजूतदार गुरू ऐकतात. गांधर्व मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एक सत्र हुकलं तर पुढच्याला बसता येतं. झोप मात्र मागे टाकू नका. आठाचे सहा तास केलेत तर आठवड्याला चौदा तास वाढल्यासारखे वाटतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या लेक्चरला डोळे मिटतात. सतत छातीत धडधड होत असेल, जेवण जात नसेल, काहीच नकोसं वाटत असेल तर घरी सांगा. घरी सांगता येत नसेल तर 14416 हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

प्रवेशाचे दिवस आले की घराघरांत कॉलेजांची यादी निघते, कट-ऑफ पाहिले जातात, क्लासचे फोन सुरू होतात. त्या गडबडीत, पैसे भरण्याआधी, मुलाला एवढंच विचारा की यातलं काय सोडायचं नाही. तो जे नाव घेईल त्याचे तास आधी वेळापत्रकात लिहा आणि मग क्लासची बॅच निवडा.