कॉम्बोचा आग्रह

गेल्या रविवारी न्यू जर्सीहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा उतरलेला. वार्षिक तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि त्याच संध्याकाळी सूनबाईंनी फर्मान काढलं : बर्गर बंद. ‘आत्या, तू इतकी वर्षं खाण्यावर लिहितेस. खरं सांग, आठवड्यातून एकदा बर्गर खाल्ला तर मी मरणार आहे का?’ म्हटलं, बाबा रे, मरायचं तर सगळ्यांनाच आहे. बर्गरने की आणखी कशाने, ते ठरवायला मला सदराच्या दिवसापर्यंत मुदत दे.

तर हे त्याचं उत्तर. तो कशाचा बर्गर खातो हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. आजी आहे तोवर आमच्या घरात हा करार पाळायचा असं ठरलेलं आहे.

बर्गरवर खटला भरायचा म्हटला की दोन साक्षीदार हमखास पुढे येतात, आणि माझ्या मते दोघंही फितूर आहेत. पहिला १९३० सालचा. अमेरिकेत कॅन्ससमधल्या विचिटा गावी १९२१ मध्ये ‘व्हाइट कॅसल’ नावाचं दुकान निघालं होतं. पाच सेंटला एक छोटा हॅम्बर्गर. पण लोक खिम्याला बिचकत. १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअरच्या ‘द जंगल’ या कादंबरीने शिकागोच्या मांस-कारखान्यांची लक्तरं वेशीवर टांगली होती. तुकडा डोळ्यांना दिसतो, खिम्यात काय दळलंय ते कुणी बघितलंय? मालक बिली इन्ग्रॅमने मग मिनेसोटा विद्यापीठातल्या जेसी मॅक्लेंडन या प्राध्यापकाला प्रयोगासाठी पैसे दिले. वैद्यकीच्या एका विद्यार्थ्याने तेरा आठवडे फक्त व्हाइट कॅसलचे हॅम्बर्गर खायचे आणि पाणी प्यायचं. दुसरं काही नाही. पठ्ठ्याने ते केलं आणि तेरा आठवड्यांनंतर तो ठणठणीत निघाला. इन्ग्रॅमने ही गोष्ट गावभर केली, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा साक्षीदार २००४ चा. मॉर्गन स्परलॉकने तीस दिवस तिन्ही त्रिकाळ मॅकडोनाल्ड्सचंच खाल्लं, अकरा किलो वजन वाढवलं, यकृताचे आकडे बिघडवून घेतले आणि त्यावर ‘सुपर साइझ मी’ हा माहितीपट काढला. जगभर गाजला. पुढे २०१७ मध्ये त्याने स्वतःच जाहीर केलं की, गेल्या तीस वर्षांत सलग आठवडाभरसुद्धा आपण दारूशिवाय राहिलेलो नाही. मग यकृत कुणी बिघडवलं, बर्गरने की बाटलीने? पहिल्या प्रयोगाचा पैसा दुकानदाराचा, दुसऱ्याची पटकथा आधीच ठरलेली. शिवाय प्रयोग एकेका माणसाचे. शरीर सोशिक असतं, तेरा आठवडे ते काहीही चालवून घेतं. भाच्याचा प्रश्न तेरा आठवड्यांचा नाही, पुढच्या तीस वर्षांचा आहे.

आणि गंमत म्हणजे, खिम्याची ही वडी एके काळी चक्क औषध होती. जेम्स सॅलिसबरी हे अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातले डॉक्टर. भाज्या आणि पिष्टमय पदार्थ पोटात सडून विष तयार करतात, असं त्यांचं ठाम मत होतं. उपाय काय, तर दिवसातून तीनदा भाजलेला गोमांसाचा खिमा आणि वर गरम पाणी. ‘सॅलिसबरी स्टेक’ला त्यांचंच नाव आहे. आज तोच खिमा आरोपीच्या पिंजऱ्यात आणि भाजी फिर्यादीच्या बाजूला. आहारशास्त्रातली ठाम मतं ऐकली की मला सॅलिसबरी आठवतात.

जरा आपल्याकडे बघू. खिमा आणि पाव यांची जोडी मुंबईत कुणाला नवी आहे? इराण्याकडचा खिमा-पाव खाऊन पिढ्या कामावर गेल्या. गोव्यात गाड्यावर कटलेट-पाव मिळतो. पातळ ठेचलेलं मांस रव्यात घोळवून तळलेलं, पावात कोबी-कांद्यासकट कोंबलेलं. हॅम्बर्गरचा हा सख्खा नाही तरी मावसभाऊ नक्की. हे पदार्थ पथ्याचे आहेत असं कुणी म्हणत नाही, पण त्यांच्या नावाने कुणी बोटंही मोडत नाही. बर्गरच्या नावाने मोडतात. यात थोडा भाग परकेपणाचा आहे, हे आधी कबूल करून टाकू.

उरलेला भाग मात्र परकेपणाचा नाही. मांसात प्रथिनं आहेत, लोह आहे, जस्त आहे, ब-१२ आहे. ज्या महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला, तिथे बसून मी तरी मांसाला नाक मुरडणार नाही. पण अमेरिकी बर्गरचा नेहमीचा खिमा ८०-२० असतो, म्हणजे पाचातला एक हिस्सा चरबीचा. ती नसेल तर वडी कोरडी पडते, म्हणून ती मुद्दाम ठेवतात. भाच्याचा प्रश्न इथेच आहे. कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाने संपृक्त चरबी दिवसाला तेरा ग्रॅमच्या आत ठेवावी, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनचं म्हणणं. मॅकडोनाल्ड्सच्या चीज घातलेल्या एका ‘क्वार्टर पाउंडर’मध्ये ती बारा ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे दुपारीच दिवसाचं रेशन संपलं. सकाळचा लोण्याचा टोस्ट आणि रात्रीची साजूक तुपाची धार कुठे मांडायची?

त्याच दुकानातला साधा, लहान हॅम्बर्गर मात्र अडीचशे उष्मांकांचा असतो, प्रथिनं बारा ग्रॅम, संपृक्त चरबी साडेतीन ग्रॅम. हा बर्गर १९५५ साली मॅकडोनाल्ड्सच्या फळ्यावर होता आणि तेव्हा तेच मोठ्या माणसाचं जेवण समजलं जाई. आज तो पोरांच्या खेळण्याच्या डब्यात गेला आहे. ‘बिग मॅक’ १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनियात आला, क्वार्टर पाउंडर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. बर्गर तोच राहिला म्हणावं, तर त्याचं पोट आपल्यासारखंच सुटत गेलं.

तांबड्या मांसाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे बेकन, सॉसेज, हॅम, ‘कर्करोगकारक’ गटात टाकलं. साधं तांबडं मांस त्याच्या एक पायरी खाली, ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात. तेव्हा बर्गरवर बेकनची पट्टी घेतली की माणूस आपण होऊन वरच्या पायरीवर चढतो. शिजवलेलं तांबडं मांस आठवड्याला साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या आत ठेवा, असं वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड सांगतो. पाव पौंडाची वडी भाजल्यावर ऐंशी-नव्वद ग्रॅम भरते. आठवड्यातून एक बर्गर त्या हिशेबात आरामात बसतो.

मग बसत नाही ते काय? माझं बोट कॉम्बोकडे आहे. बिग मॅक, मधल्या आकाराचे फ्राइज आणि मधला कोक मिळून अकराशेच्या आसपास उष्मांक होतात, आणि त्यातले निम्म्याच्या जवळपास बर्गरचे नसतातच. कोकच्या ३५५ मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये ३९ ग्रॅम साखर असते. दिवसाला पन्नास ग्रॅम ही वरची मर्यादा, आणि पंचवीसच्या आत राहिलात तर उत्तम, असं आरोग्य संघटना सांगते. शिक्षा बर्गरला होते आणि फ्राइज-कोक साक्ष देऊन घरी जातात.

या कॉम्बोतल्या मोठ्या पुड्यामागचं डोकं कुणाचं, तर सिनेमागृहांच्या धंद्यातल्या डेव्हिड वॉलरस्टीन यांचं. शिकागोत पॉपकॉर्न विकताना त्यांच्या लक्षात आलं की, लोक एक पुडा संपवतात, तळाचे दाणेही चाटतात, पण दुसरा मागायला लाजतात. आपण हावरट दिसू, ही भीती. मग त्यांनी पुडाच मोठा केला आणि विक्री वाढली. पुढे ते मॅकडोनाल्ड्सच्या संचालक मंडळावर गेले आणि तिथे फ्राइजचा पुडा मोठा करायला लावला. आपल्या पंगतीत हे काम यजमान करायचा. ‘अहो, एक जिलबी तरी!’ खाणारा हात आडवा धरायचा, वाढणारा त्या हातावरून वाढायचा, हावरटपणाचं पाप यजमानाच्या माथी. काउंटरवरचा पोरगा ‘लार्ज करू का?’ विचारतो तेव्हा तो हाच आग्रह करत असतो. फक्त पंगतीत बिल येत नसे, आणि पंगत रोज उठत नसे.

आणखी एक गोष्ट चावण्याची. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगासाठी वीस माणसांना चार आठवडे ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यातून आलेलं अतिप्रक्रियित अन्न, दोन आठवडे साधं स्वयंपाकघरातलं. ताटात मांडलेले उष्मांक, साखर, चरबी, मीठ, तंतू दोन्हीकडे सारखे, आणि हवं तेवढं खायची मुभा. अतिप्रक्रियित अन्नावर माणसं दिवसाला सुमारे पाचशे उष्मांक जास्त खात होती, शिवाय भराभर खात होती. मला यात नवल वाटलं नाही. बर्गरचा बन दातांना काही कामच देत नाही. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचेपर्यंत कागद चुरगळून टोपलीत गेलेला असतो. ज्वारीची भाकरी असं करू देत नाही, ती वेळ काढायला लावते. गोव्याची कोंड्याची पोईसुद्धा. पोईत घातलेला कटलेट मी जरा शांतपणे खाल्लेला आहे.

इथल्या वाचकांनी मात्र खुशीत हसू नये. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स दिल्ली-मुंबईत आलं ते गोमांस आणि डुकराचं मांस बाहेर ठेवून, आणि पुढे आपला लाडका झाला तो आलू टिक्की बर्गर. उष्मांक साधारण ३४०, प्रथिनं साडेआठ ग्रॅम. म्हणजे अमेरिकी लहान बर्गरपेक्षा उष्मांक जास्त, प्रथिनं कमी. बर्गरमध्ये जी एक बरी गोष्ट होती ती आपण काढली, तिथे बटाटा बसवला, तळला, मैद्यात घातला आणि ‘व्हेज आहे ना, मग चालतंय’ म्हणून मुलांच्या वाढदिवसाला वाटला. वडापावला मी यातून सूट देणार नाही, प्रेम असलं तरी. पण वडापाव निदान कोकचा ग्लास बरोबर घेऊन येत नाही, आणि त्यातली मिरची माणसाला थांबवते.

भाच्याला घरी करायचा असेल तर एक सूचना सोडून बाकी पाककृती सूनबाईंवर सोपवते. खिमा आतून गुलाबी ठेवायचा नाही. सबंध तुकड्यावर जंतू असतात ते वरच्या पृष्ठभागावर, तव्यावर मरतात. दळला की पृष्ठभाग आत जातो. १९९३ मध्ये अमेरिकेत एका साखळीच्या कच्चट बर्गरांमुळे ई. कोलायने सातशेहून अधिक लोक आजारी पडले, चार मुलं गेली. तेव्हापासून तिथे ७१ अंश सेल्सिअसचा नियम सांगतात. इकडे घरी मी बोकडाचा खिमा खाटकाकडून समोर दळून आणते, त्यात भिजवून भरड वाटलेली हरभऱ्याची डाळ निम्म्याने मिसळते आणि शेकवते. त्याला आम्ही शामी कबाब म्हणतो. पावात घातला तर बर्गर.

एवढं सगळं त्याला फोनवर सांगितलं. आठवड्यातून एकदा, लहान, चीज-बेकनशिवाय, बरोबर पाणी, आणि कॉम्बो नाही. ऐकून गप्प झाला. म्हटलं, अवघड वाटतंय का? म्हणाला, ‘बर्गरचं नाही गं. कॉम्बो घेतला की जेमतेम दोन-तीन डॉलरच जास्त पडतात. सोडवत नाही.’ कोकणातलं रक्त आहे, मी काय बोलणार?

काल त्याचा मेसेज आला. कॉम्बोच घेतला होता. बर्गर खाल्ला, फ्राइज शेजारच्या टेबलावरच्या गुजराती मित्राला दिले, कोक ऑफिसच्या फ्रिजमध्ये नावाची चिठ्ठी लावून ठेवला आहे. रविवारी पाहुणे येणार आहेत, त्यांना देईन म्हणतो.