नुसते ‘वाचवा’ पुरे नाही

राजकारणात परंपरेची बाजू घेणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो: तुम्हाला काय नको ते कळले, पण हवे काय? मुसलमान समाजाच्या नेतृत्वाला तर तो विचारायलाच हवा. गेल्या पन्नास वर्षांतल्या आपल्या मोठ्या घोषणा आठवून पाहा. शरियत वाचवा, पर्सनल लॉ वाचवा, ढवळाढवळ नको. सगळीकडे ‘वाचवा’ आहे. ‘उभारा’ कुठे आहे?

तरीही परंपरावाद म्हणजे निव्वळ नकार, असे म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. फ्रेंच राज्यक्रांतीवर १७९० साली कडाडून टीका करणारा एडमंड बर्क हा या विचाराचा मूळपुरुष मानला जातो. ज्या राज्यात बदलाची सोय नाही ते राज्य स्वतःला टिकवूही शकत नाही, हे त्याचेच म्हणणे होते. इंग्लंडमध्ये डिझरायलीच्या हुजूर पक्षाच्या सरकारने १८७५ मध्ये सार्वजनिक आरोग्याचा आणि गरिबांच्या घरांचा कायदा केला. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ ते १८८९ या काळात कामगारांसाठी आजारपणाचा विमा, अपघात विमा आणि म्हातारपणाचे पेन्शन आणले. समाजवाद्यांच्या पायाखालची जमीन काढून घेणे हा त्याचा हेतू होता. पण कामगाराच्या हातात विमा खरोखर पडला.

आपल्याकडेही असा एक काळ होऊन गेला आहे.

१८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन मुलींच्या वारसाहक्काचे दावे आले. कुरआनप्रमाणे आम्हाला हिस्सा द्या, अशी त्यांची मागणी होती. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी जमातीचा रिवाज प्रमाण मानला. रिवाजात मुलीला हिस्सा नव्हता, म्हणून मुलींना काही मिळाले नाही. पंजाबातही रिवाजाच्या नावाखाली हेच चालत असे. तेव्हा ‘परंपरा’ नेमकी कोणती? बापजाद्यांचा रिवाज, की शरियत? पुढे १९३७ च्या शरियत कायद्याने शरियतच्या बाजूने उत्तर दिले. रिवाजी कायद्यात बाईची स्थिती लज्जास्पद आहे आणि मुस्लिम महिला संघटनांनी त्याचा निषेध केला आहे, असे त्या विधेयकाच्या उद्देशपत्रातच नमूद होते. आज हा कायदा पोथीनिष्ठपणाची खूण समजला जातो. त्या काळी तो मुलीच्या हिश्शासाठी झालेला बदल होता.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. मौलाना अशरफ अली थानवी हे ‘बहिश्ती जेवर’चे लेखक. त्यांना कुणी सुधारक म्हणणार नाही. हनफी मतानुसार नवरा बेपत्ता झाला तर त्याचे वय नव्वदच्या घरात जाईपर्यंत बायकोने वाट पाहायची. नवरा नांदवत नाही, पोसत नाही, सोडतही नाही, अशा बाईलाही सुटका नव्हती. धर्म सोडला की निकाह तुटतो, असे न्यायालये मानत. म्हणून पंजाबात काही बायकांनी केवळ नवऱ्यापासून सुटण्यासाठी इस्लाम सोडला. थानवींनी याकडे डोळेझाक केली नाही. मदिनेच्या मालिकी उलेमांकडून त्यांनी मते मागवली आणि ‘अल-हीलत-उन-नाजिजा’ हा ग्रंथ सिद्ध केला. मालिकी मतात बेपत्ता नवऱ्यासाठी मुदत चार वर्षांची आहे. हनफी राहूनही गरजेपोटी ते मत घेता येते, असे त्यांनी मांडले.

त्यातूनच १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. जमियत उलेमाने मसुद्याला हातभार लावला आणि काझमी यांनी तो केंद्रीय विधिमंडळात मांडला. नवरा चार वर्षे बेपत्ता असला, दोन वर्षे खर्च देत नसला, क्रूरपणे वागत असला, तर बाईला न्यायालयातून फारकत मागता येऊ लागली. आज तुमच्या ओळखीतली एखादी बहीण कौटुंबिक न्यायालयात उभी राहते तेव्हा तिच्या अर्जामागे बहुधा हाच कायदा असतो.

यात सगळे उदात्त होते असे नाही. बायका धर्म सोडतात याची भीती हे एक मोठे कारण होतेच, आणि केवळ धर्म सोडल्याने निकाह तुटणार नाही, असे कलमही त्याच कायद्यात आले. १९३७ च्या कायद्यातून शेतजमीन वगळली गेली. तो प्रांतांचा विषय होता हे खरे, पण जमीनदारांनाही ते सोयीचेच होते. तरीसुद्धा या माणसांनी एक गोष्ट केली: अडलेल्या बाईचा प्रश्न आपला मानला, आणि परंपरेच्याच कोठारातून त्याचे उत्तर शोधले.

आता १९८५ कडे या. इंदूरच्या शाहबानोला उच्च न्यायालयाने मंजूर केलेली पोटगी महिना १७९ रुपये २० पैसे होती. सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि देशभर मोर्चे निघाले. १९८६ चा कायदा झाला. त्या कायद्यात एक विधायक तरतूद होती, हे फारसे कुणी सांगत नाही. तलाकशुदा बाईला इद्दतनंतर नातेवाईक पोसू शकत नसतील तर राज्याच्या वक्फ बोर्डाने तिला खर्च द्यावा. धर्माच्या चौकटीतच निराधार बाईची व्यवस्था उभी करण्याची ही संधी होती. निकाल उलटवण्यासाठी लाखो लोक रस्त्यावर आले. वक्फच्या पैशातून ही पोटगी सुरू करा, अशी मागणी घेऊन तसे मोर्चे निघाले नाहीत.

तीन तलाकचे तेच झाले. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम महिलांनी मुंबईत मोर्चा काढला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत, म्हणजे २०१७ पर्यंत, एक्कावन्न वर्षे हातात होती. एका बैठकीतले तीन तलाक अहले हदीस एकच मानतात. थानवींनी मालिकींकडून मत घेतले, तसे हे मत घेता आले असते. पण पर्सनल लॉ बोर्डाची भूमिका अशी राहिली की असा तलाक देणे पाप आहे, मात्र दिला की लागू होतो. शेवटी सरकारने २०१९ मध्ये तीन वर्षांच्या कैदेचा कायदा आणला. बाई नांदती राहील का, तिला खर्च कोण देईल, यापेक्षा नवरा तुरुंगात जाईल यावरच त्याचा भर. आपण न सोडवलेला प्रश्न दुसऱ्याच्या हातात गेला की त्याचे उत्तरही दुसऱ्याच्या सोयीचे येते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. आज मुसलमान असुरक्षित आहे. घरावर बुलडोझर फिरण्याची भीती असताना घरातल्या दुरुस्तीचे काय बोलता? आधी सुरक्षितता, मग सुधारणा.

मराठी वाचकाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. १८९१ मध्ये संमतिवयाच्या विधेयकाला विरोध करताना टिळकांनीही म्हटले होते की परक्या सरकारने हात घालू नये, समाज स्वतः सुधारेल. मुलींच्या लग्नाचे वय चौदा करायला पुढे १९२९ मध्ये पुन्हा कायदाच करावा लागला. शिवाय थानवींचा काळ तरी कुठे निवांत होता? परकी सत्ता होती, शुद्धीची चळवळ होती, दंगली होत होत्या. भीती असतानाही काम झाले. किंबहुना भीती होती म्हणून झाले.

हीच कसोटी बहुसंख्याकांच्या परंपरावादालाही लावू. बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलाला ज्या विचाराने विरोध केला, तोच आज समान नागरी कायद्याचा आग्रह धरतो. उत्तराखंडच्या २०२४ च्या कायद्यात लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांना नोंदणीची सक्ती आहे आणि न केल्यास शिक्षा आहे. यात समता किती आणि पहारा किती, हे त्यांनाही विचारलेच पाहिजे.

पण त्यांना विचारण्याआधी आपल्या घरात पाहू. शरियतचा अभिमान सांगणाऱ्या कितीतरी घरांत वडील गेल्यावर बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, आणि सातबाऱ्यावर फक्त भावांची नावे चढतात. हे शरियत नव्हे. ज्या रिवाजाविरुद्ध १९३७ चा कायदा झाला, तोच हा रिवाज. मद्रास प्रांताने १९४९ मध्ये आणि केरळने १९६३ मध्ये शेतजमीनही त्या कायद्याच्या कक्षेत आणली. शरियत वाचवायचीच असेल तर आपल्या राज्यातही तशी स्पष्ट दुरुस्ती मागणारा मोर्चा का निघू नये?

निकाहनाम्याचेही तसेच. ठरावीक परिस्थितीत स्वतःला तलाक देण्याचा अधिकार पत्नीला देणारी अट, म्हणजे तफवीज, हनफी फिक्हला मान्य आहे. मेहर किती आणि कधी द्यायचा हेही त्यात लिहिता येते. त्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही आणि बोर्डाच्या ठरावाचीही नाही. तुमच्यापैकी अनेकांचे निकाह येत्या काही वर्षांत होतील. काझीसाहेब कागद पुढे करतील तेव्हा सही करण्याआधी या दोन ओळी लिहून घ्या. आणि व्यासपीठावरून पुन्हा कुणी ‘वाचवा’ म्हणाले, तर हात वर करून एवढेच विचारा: कुणासाठी वाचवायचे, आणि त्या बाईला उद्या काय मिळणार?