सड्यावरच्या पाण्याचा हिशेब

पाचगणीचे टेबललँड मे महिन्यात पाहणाऱ्याला तेथे तांबडा कातळ, धूळ आणि घोड्यांच्या टापा यांखेरीज फारसे काही आढळत नाही. तोच पर्यटक ऑगस्टमध्ये पुन्हा आला, तर त्याच कातळाच्या खळग्यांत पाणी साचलेले असते. दिवाळी सरता सरता हे पाणी दिसेनासे होते. ते सगळेच वाफ होऊन उडून जात नाही. जांभा दगड सच्छिद्र असल्याने बरेचसे पाणी आत मुरते, खालच्या काळ्या कातळाशी अडते आणि पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. महाबळेश्वरच्या जेमतेम एकतृतीयांश पाऊस पडणाऱ्या पाचगणीच्या परिसराला या मुरणाऱ्या पाण्याचे मोल अधिक आहे.

महसुली दफ्तरात मात्र अशा कातळाला एकच शब्द आहे : पोटखराब. जी जमीन मुळातच खराब, तिच्यावर रस्ता, वाहनतळ किंवा पाण्याची टाकी आली तर नुकसान झाले असे कोणी म्हणत नाही. आणि नुकसानच नाही, तर भरपाईचा प्रश्नही उद्भवत नाही. सार्वजनिक कामांमुळे पाणथळ जागांची जी हानी होते, तिचे परिमार्जन स्थानिक स्वराज्य संस्थांनी कसे करावे, या प्रश्नाची खरी अडचण येथे आहे.

पाणथळ जागांच्या संवर्धनाचे नियम केंद्राने प्रथम २०१० मध्ये आणि नंतर सुधारून २०१७ मध्ये केले. त्यांतील व्याख्या कागदावर उदार आहे. नैसर्गिक वा कृत्रिम, कायमची वा हंगामी अशी कोणतीही पाणथळ जागा तीत बसते. परंतु पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी माणसाने बांधलेले जलाशय लगेच वगळले आहेत. साताऱ्याच्या छत्रपतींच्या काळात, १८४२ मध्ये बांधलेला वेण्णा तलाव महाबळेश्वर आणि पाचगणीची तहान भागवत आला. पावणेदोनशेहून अधिक वर्षांत तो सभोवतालच्या निसर्गाचा भाग होऊन गेला असला, तरी नियमांच्या लेखी त्याचे काठ आणि दलदल यांना पाणथळ जागेचा दर्जा मिळणे दुरापास्त आहे.

दुसरी गाळणी आकाराची आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये देशातील २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण देण्याचा आदेश दिला, तो सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या जागांपुरता. राष्ट्रीय नकाशासंग्रहात त्याहून लहान अशा ५,५५,५५७ जागांची मोजदाद झाली होती. म्हणजे संख्येने पाहता जवळजवळ तीनचतुर्थांश पाणथळ जागा बाहेरच राहिल्या. टेबललँडवरील किंवा कासच्या सड्यावरील डबकी तर या मोजदादीतही सहजी येणार नाहीत. पावसाळ्यात ढगांमुळे उपग्रहाला सडा दिसत नाही, आणि ढग हटेपर्यंत पाणी ओसरू लागलेले असते. साताऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा वायतुरा याच उथळ पाण्यात फुलतो, सीतेची आसवे आणि गेंदही याच ओलीवर जगतात. कासच्या पठाराला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तो या फुलांमुळेच.

कासच्या तलावाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सातारा शहराची पाण्याची गरज वाढली म्हणून नगरपालिकेने तलावाच्या धरणाची उंची वाढवून साठवण क्षमता अनेक पटींनी वाढवली. शहराला पाणी हवे, याबद्दल दुमत असू शकत नाही. परंतु तलाव फुगतो तेव्हा काठचा उथळ, ओलसर पट्टा खोल पाण्याखाली जातो. अशा कामात वनजमीन बुडाली, तर १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार पर्यायी जमीन आणि वृक्षलागवड मागता येते. उथळ पट्टा बुडाला, तर त्याचे माप घेणारा रकानाच अर्जात नाही. वनभरपाईच्या निधीसाठी २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला; पाण्यासाठी तसा कायदा अद्याप नाही. परिणामी भरपाईचे चलन झाड हेच ठरले. सड्यावर तर झाड लावणे हीच हानी ठरू शकते, हा विरोधाभास निराळाच.

हे दुखणे डोंगरापुरते नाही. वर्सोवा ते भाईंदर या किनारी मार्गासाठी ४५ हजारांहून अधिक तिवरे तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये परवानगी दिली. तिवरांची नवी लागवड करण्याची अट त्यात आहे, हे खरे. पण वळवलेल्या वनजमिनीच्या बदल्यातील वनीकरण चंद्रपूर जिल्ह्यात व्हायचे आहे. मुंबईच्या खाडीत भरतीचे पाणी थोपवणाऱ्या चिखलाची जागा विदर्भातील रोपवन कशी घेणार, हे कोणत्याही अहवालाने पटवून दिलेले नाही.

अमेरिकेत १९७२ च्या स्वच्छ जल कायद्यान्वये पाणथळ जागेत भराव टाकणाऱ्या नगरपालिकेलाही आधी हानी टाळावी लागते, मग कमी करावी लागते आणि उरलेलीची भरपाई करावी लागते. २००८ च्या नियमांनी ही भरपाई शक्यतो त्याच पाणलोट क्षेत्रात व्हावी, असे बजावले. तेथेही सारे आलबेल नाही. भरपाई म्हणून उभ्या केलेल्या जागा हरवलेल्या जागांची बरोबरी करत नाहीत, असे तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००१ मध्येच नोंदवले, आणि २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कायद्याची व्याप्तीही आकसली. तरीही पाण्याचे नुकसान पाण्याने आणि त्याच खोऱ्यात भरून काढावे, हे तत्त्व घेण्याजोगे आहे.

पाचगणीला त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील ठरला. झरे, डोह, धबधबे यांसारखा नैसर्गिक वारसा शोधून त्याच्या रक्षणाची तरतूद विभागीय आराखड्यात करावी, असे या अधिसूचनेत अपेक्षित होते. आकाराची अट या यादीला नाही. नगरपालिकेने प्रत्येक झरा आणि सड्यावरचा प्रत्येक खळगा पावसाळ्यात मोजून नकाशावर आणला, तर पुढच्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात त्याच ओहोळावरचा बुजलेला झरा मोकळा करण्याचा खर्च धरता येईल. हा खर्च काही कोटींच्या घरातला नाही. उणीव आहे ती नोंदीची, आणि थोडीशी इच्छेची.

घाई करण्याचे कारण मात्र आहे. साताऱ्याच्या डोंगराळ भागात 'नवे महाबळेश्वर' वसवण्यासाठी २०१९ मध्ये राज्य रस्ते विकास महामंडळाला नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. सुरुवातीच्या २३५ गावांत पुढे आणखी गावांची भर घालण्याचे ठरले. या प्रदेशात सडे पुष्कळ आहेत, आणि रस्ते, वाहनतळ, हेलिपॅड यांसाठी सपाट जागा शोधणाऱ्या अभियंत्याची नजर पहिल्यांदा त्यांच्यावरच पडणार. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये पाणथळ जागांची प्रत्यक्ष पाहणी पूर्ण करण्याचे निर्देश राज्यांना पुन्हा दिले आहेत. साताऱ्याचे सडे त्या पाहणीत जुलै-ऑगस्टमध्ये पाहिले जातात की एप्रिल-मेमध्ये, यावर त्यांची नोंद पाणथळ म्हणून होणार की पोटखराब म्हणून, हे ठरेल.