ओलसर कोपऱ्यातील तृणपंचमूळ

अलीकडे चिकित्सालयांच्या व औषधनिर्माणशाळांच्या आवारात सुशोभनाची हौस वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पन्हळीचे पाणी पडते, हौदाचे पाणी पाझरते, अशा ओलसर जागी शोभेची गवते लावण्याचा सल्ला उद्यानरचनाकार हमखास देतात. दक्षिण अमेरिकेतील पांढऱ्या तुऱ्यांचे पंपास, आफ्रिकेतून आलेले फाउंटन ग्रास, पिवळ्या पट्ट्यांचे बुटके ॲकोरस ही नावे आता रोपवाटिकांत सर्रास ऐकू येतात. शोभेला आमचा विरोध नाही. मात्र ज्या व्यवसायाच्या संहितांत तृणांचा स्वतंत्र गण सांगितला आहे, त्या व्यवसायाच्या अंगणात तो गण नसावा आणि परदेशी तुरे डोलावेत, हे आम्हास खटकते.

सुश्रुताचार्यांनी कुश, काश, नल, दर्भ व काण्डेक्षु ही पाच तृणे एका गणात घेतली. चरकोक्त मूत्रविरेचनीय आणि स्तन्यजनन या दोन्ही महाकषायांत दर्भ, कुश व काश यांची मुळे आहेत. मूत्रकृच्छ्र, अश्मरी, रक्तपित्त यांत तृणपंचमूळ आपण नित्य योजतो. उशीर तर षडंगपानीयाच्या निमित्ताने प्रत्येक वैद्याच्या लेखणीवर असतो. प्रश्न असा की, आपण लिहितो ते द्रव्य रुग्णाच्या काढ्यात खरोखर पडते काय?

बाजारातून येणारे मूळ वाळलेले व तुकडे केलेले असते. मराठीत कुश आणि दर्भ या दोहोंनाही 'दर्भ' म्हणण्याची प्रथा आहे, त्यामुळे पुरवठादारास दोष देण्यापूर्वी आपली मागणीपत्रे तपासावीत. शास्त्रीय नावाने पाहता दर्भ म्हणजे इम्पेराटा सिलिंड्रिका आणि कुश म्हणजे डेस्मोस्टॅकिया बायपिन्नाटा. दर्भाला रेशमासारखा मऊ, पांढरा, गोल तुरा येतो. जमिनीखाली पांढरी, टोकदार, गाठीदार खोडे दूरवर धावतात. कुशाची पाती राठ, काठाला खरखरीत, टोकाला सुईसारखी. तुरा अरुंद, तपकिरी, रेशमाचा मागमूस नसलेला. जिवंत झाड समोर असेल तर नवखा विद्यार्थीही हा भेद दोन मिनिटांत शिकतो. तुकड्यांवरून तो अनुभवी वैद्यालाही सहज साधत नाही. वाळ्याचीही तीच कथा. उशीर आणि उदीच्य ही षडंगपानीयातील दोन भिन्न द्रव्ये. परंतु एक वाळा आणि दुसरा सुगंधवाळा, या नामसाम्याने किती गोंधळ होतो हे औषधविक्रेत्या बंधूंना सांगावयास नको.

येथे काही निर्माते बंधू म्हणतील की, आम्हास क्विंटलांनी मूळ लागते, वाफाभर गवताने काय होणार? आक्षेप योग्य आहे. पण आमची सूचना पुरवठ्यासाठी नाही, ओळखीसाठी आहे. २००० साली अनुसूची 'टी' अन्वये उत्तम निर्मितीचे निकष अधिसूचित झाले, तेव्हापासून कच्च्या द्रव्याची तपासणी ही कायदेशीर जबाबदारी आहे. स्वतःच्या आवारात वाढलेले, नावाची पाटी लावलेले, स्वहस्ते खणून वाळवलेले मूळ हा तुलनेसाठी खात्रीचा नमुना होय. आलेला माल त्याच्या शेजारी ठेवावा, चिरून पाहावा, हुंगावा, आणि शंका आल्यास प्रयोगशाळेकडे पाठवावा.

लागवड कठीण नाही. पावसाळ्याच्या आरंभी ठोंब लावावेत. वाळा ओल सोसतो आणि कोरडही सोसतो. त्याची मुळे तीन-चार मीटर खोल जातात, म्हणून तो मातीने भरलेल्या पिंपात किंवा गोणीत लावल्यास दीड वर्षाने मुळे न तुटता काढता येतात. काश आणि नल यांना ओलाव्याची आवड आहे. शरदात काशाचा तुरा पंपासपेक्षा तसूभरही उणा दिसत नाही. कुश मात्र साचलेल्या पाण्यात लावू नये. त्यास उंचवट्याची, उन्हाची जागा द्यावी. दर्भाविषयी विशेष सावधगिरी हवी. तो जगातील अत्यंत त्रासदायक तणांपैकी एक गणला जातो. तळ काढलेले पिंप किंवा सिमेंटचे कडे जमिनीत खोल पुरून त्यातच तो बंदिस्त ठेवावा. पाश्चात्त्य उद्यानांत लाल पात्यांचा शोभेचा म्हणून विकला जाणारा जपानी प्रकार हा याच दर्भाचा, हे ऐकून अनेकांस नवल वाटेल.

बुटक्या ॲकोरसविषयीही एक इशारा. ते ॲकोरस ग्रॅमिनियस असून आपले वेखंड ॲकोरस कॅलॅमस आहे. वेखंडाच्या पात्यास उठावदार मध्यशीर असते, बुटक्यास ती स्पष्ट दिसत नाही. वासावर विसंबून एकाच्या जागी दुसरे वापरू नये. वेखंडातील बीटा-ॲसरोनच्या कारणाने अमेरिकेने १९६८ मध्ये त्याचा अन्नातील वापर बंद केला. शोधन, मात्रा व योग्य ओळख यांचे महत्त्व त्यामुळे अधिकच जाणवते.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ओलसर जागा म्हणजे बहुधा सांडपाण्याची जागा. वाळा दूषित पाणी व माती शुद्ध करतो म्हणून त्याची कीर्ती आहे. परंतु तो शुद्ध करतो म्हणजे काय? शिसे, कॅडमिअम यांसारखे धातू तो शोषतो आणि मुख्यत्वे मुळांतच साठवतो. आणि आपण औषधार्थ घेतो तेही मूळच. वनस्पतिजन्य औषधांत शिसे दहा लाख भागांत १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमिअम ०.३ भागांहून अधिक नसावे, अशी मर्यादा आहे. नाल्याकाठचे स्वस्त मूळ ही मर्यादा कशी पाळणार? म्हणून भांडी-यंत्रे धुतलेल्या पाण्यावर वाढलेला वाळा खुशाल ठेवावा, परंतु त्यावर 'औषधार्थ निषिद्ध' अशी पाटी लावावी. औषधाचा वाफा पावसाच्या किंवा विहिरीच्या स्वच्छ पाण्यावर, स्वतंत्र असावा. आणि पुरवठादारास 'मूळ कोणते' याबरोबरच 'कोणत्या पाण्याकाठचे' हेही विचारावे. चरकाचार्यांनी द्रव्यसंग्रहासाठी भूमीची परीक्षा सांगितली, ती आजच्या काळात अशीच करावी लागेल.

श्रावणातील पिठोरी अमावास्येस दर्भ आणण्याची परंपरा आपल्याकडे आहे. त्या सुमारास पाऊस मुरलेला असतो आणि नवे ठोंब सहज रुजतात. संघटनेच्या प्रत्येक शाखेने त्या आठवड्यात ठोंबांची देवाणघेवाण ठेवावी, द्रव्यगुणाच्या अध्यापकांनी ओळख करून द्यावी, औषधविक्रेत्यांनी आपल्या दुकानातील नमुने सोबत आणावेत, असा आमचा प्रस्ताव आहे. खर्च नगण्य आहे; जागा तर बहुतेकांकडे आहेच, आणि ती आज चिखलाने किंवा परदेशी तुऱ्यांनी भरलेली आहे. ज्या वैद्याने दर्भ वाढताना पाहिला आहे, त्याच्या हातून दर्भाच्या नावाखाली दुसरे मूळ सहसा सुटणार नाही. रुग्ण आपल्या शब्दावर काढा पितो. त्या शब्दामागे निदान एक जिवंत झाड असावे.