चिंचोके आणि वालांचा खेळ

काशीमीऱ्यातल्या लहान घरांत सुट्टीची दुपार म्हणजे एक मोबाईल आणि त्यावर तिघा भावंडांची भांडणं. म्हणून या महिन्यात आम्ही चीनचा एक जुना खेळ आणला आहे. नाव वेईछी, म्हणजे वेढा घालायचा पट. जपानमार्गे जगभर तो ‘गो’ म्हणून ओळखला गेला. दोन हजार वर्षांहून जुन्या चिनी ग्रंथांत त्याचा उल्लेख आहे.

मोठ्या पटावर १९ आडव्या, १९ उभ्या रेषा, म्हणजे ३६१ छेद. आपण कागदावर ९-९ रेषा ओढाव्यात. एकाकडे चिंचोके, दुसऱ्याकडे पांढरे वाल. पहिली पाळी चिंचोक्यांची. सोंगटी घरात नव्हे, रेषांच्या छेदावर ठेवायची. ठेवली की हलवायची नाही. तिला लागून असलेले मोकळे छेद म्हणजे तिचे श्वास. ते सगळे अडले की सोंगटी उचलली जाते. रेषेने जोडलेल्या एका रंगाच्या सोंगट्या मिळून श्वास घेतात. नुकतीच मोडलेली मांडणी लगेच परत आणता येत नाही. शेवटी ज्याने जास्त जागा राखली, तो जिंकला.

यात फासे नाहीत, म्हणून नशिबाला बोल लावता येत नाही. पैज तर नकोच.

आम्हाला आवडलेली रीत वेगळीच. कच्च्या खेळाडूला आधीच दोन-तीन सोंगट्या मांडून देतात आणि त्यात कुणी कमीपणा मानत नाही. घरातली धाकटी दरवेळी भावाकडून हरते आणि मग खेळायलाच येत नाही. तिचे तीन चिंचोके आधी मांडा, पहिली पाळी भावाला द्या. ती जिंकू लागली की एक चिंचोका कमी करा. मग भावालाही डोकं चालवावं लागेल.