काचेचा काय दोष?

सध्या नातेवाइकांत एक ढकलपत्र फिरतंय. इंग्रजांच्या चर्चमधल्या रंगीत काचा म्हणजे गुलामीच्या खुणा, त्यांच्या दुरुस्तीवर पैसा कशाला घालायचा, फुटल्या तर फुटू द्यात! मंडळी, हे वाचून म्हातारा मास्तर गप्प बसेल असं वाटलं होतं की काय?

मुंबईचं, कुलाब्यातलं अफगाण चर्च घ्या. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांचं हे स्मारक १८५८ साली पूजेसाठी खुलं झालं. खिडक्यांचे आराखडे विल्यम वेल्स (Wailes) या इंग्रज काचकाराचे. अशा खिडकीत रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. चेहरे, वस्त्रांच्या चुण्या काचेवर रंगवून भट्टीत भाजतात. काच टिकते, थकतं ते शिसं. शंभरेक वर्षांत ते तडकतं, खिडकीला पोट येतं आणि मग एखादा पावसाळी वारा पुरतो. म्हणजे ‘फुटू द्या’ म्हणणाऱ्यांना दगडही उचलायला नको. हातावर हात ठेवून बसलं की काम झालं.

आता गुलामीचं. आम्ही सोलापूरकर. १९३० चा मार्शल लॉ या गावाने सोसला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. इंग्रजांचा राग कसा धरावा हे आम्हाला कुणी शिकवू नये. पण राग नेमक्या जागी धरावा.

ती जागा त्याच चर्चमध्ये आहे. तिथे अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. साध्या शिपायांबद्दल एवढंच, की ते फार होते, नावं लिहिणं जमलं नाही. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेत सुमारे १६ हजार माणसं निघाली, त्यांतले बहुतेक हिंदी शिपाई आणि बाजारबुणगे. बर्फात मेले ते कोण? कुणाचे मुलगे?

हा अन्याय काचेने केलेला नाही. काच फुटून एकाही शिपायाचं नाव परत येणार नाही. उलट वास्तू गेली की त्यांना वगळल्याचा पुरावाही जाईल. इंग्रज गेले, इमारत इथेच राहिली. ती आता आपली, तिचा हिशेबही आपला. तेव्हा शिसं बदला, काचा जपा आणि दाराशी स्वच्छ मराठीत लिहा, की इथे कुणाची नावं नाहीत आणि का नाहीत.

ढकलपत्र पुढे ढकलणाऱ्यांनी एकदा उन्हाच्या वेळी तिथे जाऊन यावं. काचाही बघाव्यात, भिंतीही वाचाव्यात. मग खुशाल भांडायला या. चहा ठेवतो.